काढलं तरी परत येणारं ॲप: आधी ते आणतंय कोण, ते पकडा

फोनमधून एखादं ॲप काढलं आणि ते परत आलं, तर ते पुन्हा पुन्हा काढत बसू नका. ते कोणीतरी परत टाकतंय. तो टाकणारा फोनमध्ये आहे तोवर तुम्ही काढत राहणार आणि तो टाकत राहणार. कोपरखैरण्यात तीन टाकीजवळ माझं मोबाइल रिपेअरिंगचं काउंटर आहे. काच फुटलेले, चार्जिंग पिन गेलेले फोन येतात, तसे "दादा, फॉरमॅट मारून द्या, हे गोळ्या फोडायचे गेम जातच नाहीत" म्हणणारेही येतात. फॉरमॅट मारायचे पैसे मला मिळतात, नाही कशाला म्हणू? पण या दुखण्यावर फॉरमॅट हे औषधच नाही. कंपनीने भरून दिलेली ॲप्स फॉरमॅटनंतर जशीच्या तशी येतात, आणि तुम्ही आधी शोधशोधून बंद केलेली होती, तीही उठून बसतात.

खाली मेनूंची नावं इंग्रजी उच्चारातच लिहितोय, कारण आमच्याकडे दहातले नऊ फोन इंग्रजीतच असतात. मराठी भाषा लावली असेल तर 'डिसेबल'च्या जागी 'बंद करा' किंवा 'अक्षम करा' दिसेल. जागा तीच.

आधी खात्री करा, ते खरंच गेलं होतं का

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. होम स्क्रीनवरचं चिन्ह दाबून धरलं की 'रिमूव्ह' आणि 'अनइन्स्टॉल' असे दोन पर्याय येतात. 'रिमूव्ह'ने फक्त चिन्ह जातं, ॲप आत तसंच राहतं. मग शोधताना ते दिसलं की वाटतं, परत आलं.

चिन्ह फिकट होऊन त्यावर ढगाची खूण आली असेल, तर ते ॲप 'आर्काइव्ह' झालंय. जागा कमी पडली की प्ले स्टोअर न वापरलेली ॲप्स अशी अर्धवट काढून ठेवतं, आणि चुकून बोट लागलं की ती पुन्हा उतरतात. अशावेळी चिन्ह दाबून धरून पूर्ण अनइन्स्टॉल करायचं.

तिसरी गंमत जोडीच्या ॲप्सची. काही फोनांत 'ड्युअल ॲप्स' किंवा 'सेकंड स्पेस' चालू असते. एक प्रत काढली, दुसरी शाबूत. आणि चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसत असेल तर ते ऑफिसच्या वर्क प्रोफाइलमधलं आहे. ते ऑफिसचा आयटीवाला टाकतो. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमधली मंडळी ही खूण घेऊन येतात, त्यांना मी परत ऑफिसलाच पाठवतो. मी काढलं तरी तिथून ते पुन्हा येणार.

आलं कुठून, ते ॲपलाच विचारा

सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडा, त्या ॲपवर जा आणि पान अगदी तळापर्यंत सरकवा. बऱ्याच फोनांत तिथे 'ॲप डिटेल्स' असतं आणि त्याखाली बारीक राखाडी अक्षरांत 'ॲप इन्स्टॉल्ड फ्रॉम' असं लिहून पुढे दुकानाचं नाव दिलेलं असतं. ही ओळ कोणी वाचत नाही. पण सगळा तपास इथूनच सुरू होतो.

'गूगल प्ले स्टोअर' दिसलं तर तुमच्या गूगल खात्याकडे किंवा घरातल्या कोणाच्या तरी बोटाकडे बघायचं. 'गॅलेक्सी स्टोअर', 'गेटॲप्स', 'ॲप मार्केट', 'व्ही-ॲपस्टोअर' यांपैकी काही दिसलं तर फोनकंपनीचं स्वतःचं दुकान कामाला लागलंय. अनइन्स्टॉलचं बटणच नसेल, नुसतं 'डिसेबल' असेल, तर ते ॲप कारखान्यातूनच आलंय. आणि ॲप नवं आहे, तुम्ही टाकलेलं नाही, तळाला कुठल्याच दुकानाचं नाव नाही, तर ते बाहेरून एपीके फाइलने, म्हणजे दुकानाशिवाय थेट ॲप टाकणाऱ्या फाइलने, आलं असण्याची शक्यता मोठी. हा प्रकार गंभीर. त्याच्याकडे शेवटी येतो.

जोडीला एक प्रश्न स्वतःला विचारा. ॲप दिसलं त्याच्या थोडं आधी काय झालं होतं? सिस्टम अपडेट आलं होतं? लॉक स्क्रीनवरची जाहिरात बोटाखाली आली होती? फोन पोराच्या हातात होता? बहुतेक वेळा उत्तर यातच असतं.

कंपनीचा आतला माणूस

स्वस्त आणि मधल्या किमतीच्या अँड्रॉइड फोनांत काही सिस्टम ॲप्स अशी असतात की त्यांचं कामच दुसरी ॲप्स आणून टाकणं. त्यांना चिन्ह नसतं, ॲप्सच्या साध्या यादीतही ती दिसत नाहीत. म्हणून यादीच्या वर गाळणीचं किंवा तीन ठिपक्यांचं बटण असतं, त्यातून 'शो सिस्टम ॲप्स' चालू करायचं. मग खरी गर्दी दिसते.

सॅमसंगमध्ये 'ॲपक्लाउड' नावाची नोंद शोधा. फोन पहिल्यांदा चालू करताना किंवा मोठ्या अपडेटनंतर "ही ॲप्स घ्या" असं सुचवणारा तोच. उघडा, 'फोर्स स्टॉप' आणि मग 'डिसेबल'. त्याच यादीत 'मेटा ॲप इन्स्टॉलर', 'मेटा ॲप मॅनेजर' आणि 'मेटा सर्व्हिसेस' अशी तीन नावं सापडतील. लोक फेसबुक काढतात आणि सुटलो म्हणतात, पण फेसबुक टाकणारी आणि अपडेट करणारी ही तिकडी आत राहते. फेसबुक नकोच असेल तर तिन्ही बंद करा. फेसबुक वापरत असाल तरी ती बंद ठेवल्याने काही अडत नाही, ॲप प्ले स्टोअरवरून अपडेट होतं. काही कंपन्यांच्या फोनांत 'मोबाइल सर्व्हिसेस मॅनेजर' हे नाव दिसेल. नाव किती साळसूद! धंदा तोच.

शाओमी, रेडमी आणि पोकोमध्ये दोन जागा. पहिली 'गेटॲप्स'. हे दुकान जाहिरातीवर बोट पडलं की प्ले स्टोअरकडे न जाता तिथल्या तिथे ॲप उतरवू शकतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये शिफारशी आणि नोटिफिकेशन बंद करा. दुसरी जागा 'एमएसए', म्हणजे जाहिराती दाखवणारी सिस्टम सेवा. सेटिंग्ज, मग 'पासवर्ड्स अँड सिक्युरिटी', मग 'ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन', तिथे 'एमएसए'चं बटण बंद करा. बंद केलं की एक खिडकी येते आणि 'रिव्होक'च्या बटणावर 10 पासून उलटी मोजणी सुरू होते. ती संपल्यावर दाबलं की बऱ्याचदा लाल अक्षरांत "जमलं नाही" अशा अर्थाचा संदेश येतो. इथे नव्वद टक्के लोक सोडून देतात. सोडू नका. नेट चालू ठेवा, पुन्हा बंद करा, पुन्हा दहा मोजू द्या, पुन्हा दाबा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मुकाट्याने बंद होतं. आता हे मुद्दाम तसं केलंय का, ते तुम्हीच ठरवा.

रियलमी, ओप्पो आणि विवोमध्ये 'हॉट ॲप्स' आणि 'हॉट गेम्स' अशा नावांची फोल्डर असतात. त्यातली बरीचशी चिन्हं ही खरी ॲप्स नसतात, नुसत्या जाहिराती असतात. बोट लागलं की डाउनलोड सुरू. ती चिन्हं एकेक काढणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, दुसऱ्या दिवशी नवी येतात. फोल्डर उघडून त्याचं नाव दाबा किंवा कोपऱ्यातल्या सेटिंगमध्ये जा आणि शिफारशींचं बटण बंद करा. शाओमीच्या फोल्डरांतही नाव बदलायच्या खिडकीत असंच बटण लपलेलं असतं.

आणि लॉक स्क्रीन. रोज नवं चित्र, खाली बातमी, त्याखाली 'इन्स्टॉल'. ही 'ग्लान्स' किंवा 'वॉलपेपर कॅरोसेल' नावाची सोय लॉक स्क्रीनच्या सेटिंग्जमधून बंद होते. घरात म्हातारं माणूस असेल तर ही पहिली बंद करा. खिशातून काढताना अंगठा कुठे पडतो ते त्यांनाही कळत नाही.

एकच खातं, दोन फोन

घणसोलीचे एक गृहस्थ, एपीएमसीच्या भाजी मार्केटात हिशेबाला असतात. त्यांच्या फोनवर नेलपॉलिश लावायचे आणि केक सजवायचे गेम यायचे. त्यांची पक्की समजूत, फोन हॅक झालाय. तपासलं तर तळाला साधं 'गूगल प्ले स्टोअर'. घरी मुलीच्या हातात टॅब आहे का, विचारलं. आहे. त्यावर खातं कोणाचं? "माझंच, तिला कुठे आहे जीमेल?" झालं.

एकाच गूगल खात्यावर दोन उपकरणं असतील तर एकावर टाकलेलं ॲप दुसऱ्यावर आपोआप यावं, अशी सोय प्ले स्टोअरमध्ये आहे. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडचा तुमचा गोल फोटो दाबा, 'मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस' उघडा आणि तिथे 'सिंक ॲप्स टू डिव्हायसेस' असं दिसलं तर त्यात नको ती उपकरणं बंद करा. खरा उपाय मात्र मुलीचं वेगळं खातं काढणं. गूगलच्या 'फॅमिली लिंक'मधून काढलं तर तिने काही उतरवायचं म्हटलं की परवानगी तुमच्याकडे मागितली जाते.

फॉरमॅटनंतर ॲप्स परत येण्याचं दुसरं कारणही हे खातंच. फोन नव्याने लावताना तो विचारतो, जुन्या बॅकअपमधून ॲप्स आणू का? आपण घाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करतो आणि काढलेला सगळा कचरा पुन्हा उतरतो. त्या पानावर ॲप्सची यादी उघडते, त्यातल्या नको त्यांच्या खुणा काढता येतात. त्यानंतर कंपनीचं "शिफारस केलेली ॲप्स" असं पान येतं. तिथे खुणा आधीच करून ठेवलेल्या असतात. एकेक काढा, मगच पुढे जा.

कारखान्यातून आलेली ॲप्स

आता मूळ दुखणं. फोनच्या साठवणीचा एक भाग कंपनी कुलूप लावून देते. त्यातलं फक्त वाचता येतं, पुसता येत नाही. फोन चालू होताना त्या भागात कोणी फेरफार केलाय का, याची तपासणीही होते. कंपनीची आणि गूगलची ॲप्स तिथे बसलेली असतात, म्हणून अनइन्स्टॉलचं बटणच दिसत नाही. 'डिसेबल' केलं की ॲप चालत नाही, दिसत नाही, नेट खात नाही, पण मूळ फाइल तिथेच राहते. शटर खाली, गाळा मात्र अडवलेलाच.

तरी डिसेबलचा फायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. त्या ॲपची जी अपडेट्स आजवर आली, ती कुलपाबाहेर, तुमच्या वाट्याच्या जागेत बसलेली असतात. डिसेबल करताना किंवा 'अनइन्स्टॉल अपडेट्स' दाबताना फोन विचारतो, मूळ कारखान्याची आवृत्ती ठेवू का? हो म्हणा. तेवढी जागा लगेच मोकळी होते. 64 जीबीच्या फोनात हा फरक जाणवतो. अर्थात, ज्यांना "मेमरी फुल" दिसतं त्यांच्यातल्या बहुतेकांचा खरा गुन्हेगार व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ असतात. पण ते ऐकून कोणी खूश होत नाही.

ही ॲप्स काढायचा हक्क आपल्याला का नाही, हा प्रश्न आपल्याकडे कायद्याच्या दारापर्यंत गेला होता. 20 ऑक्टोबर 2022 ला भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला 1337.76 कोटी रुपयांचा दंड केला आणि बाकीच्या निर्देशांबरोबर, आधीपासून भरलेली गूगलची ॲप्स काढायला ग्राहकाला आडकाठी करू नका, असंही सांगितलं. 29 मार्च 2023 ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका हा निर्देश रद्द केला. त्यामुळे दंडाच्या बातमीवर विसंबून "सरकारने सांगितलंय ना, मग काढून द्या" म्हणत येणाऱ्यांना मला हात जोडावे लागतात. 2025 च्या नोव्हेंबरच्या अखेरीस 'संचार साथी' हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनात घालायचा आदेश निघाला, तेव्हाही काउंटरवर चर्चा रंगली होती. ती सक्ती डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मागे घेतली गेली. ते ॲप आज ज्याला हवं तो टाकतो आणि ज्याला नको तो काढतो.

डिसेबलचं बटणही नसेल तर

काही ॲप्सना ते बटणही राखाडी असतं, दाबलं जात नाही. तिथे संगणकाची केबल लागते. फोन रूट करायला, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून पूर्ण ताबा घ्यायला, सांगणारे व्हिडिओ बाजूला ठेवा. रूटसाठी आधी बूटलोडर (फोन सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्राम) उघडावा लागतो, त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि नंतर बँकेची नि यूपीआयची ॲप्स चालायला नकार देतात. आजच्या दिवसात यूपीआय नसलेला फोन घेऊन वडापाववाल्याकडेही जाता येत नाही.

केबलचा मार्ग असा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टकटक करा. शाओमीत त्याऐवजी ओएसच्या आवृत्तीवर. 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात, त्यात 'यूएसबी डीबगिंग' चालू करा. संगणकावर गूगलच्याच साइटवरून 'प्लॅटफॉर्म टूल्स' उतरवा ('एडीबी' त्यातच असतं), फोन जोडा, फोनवर परवानगीची खिडकी येईल तिला हो म्हणा.

मग संगणकाच्या कमांड विंडोत आज्ञा. मी फोनवरून गिऱ्हाइकाला सांगतो तशीच इथे लिहितो, टाइप मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत करायची. कोण कोणाला आणतंय ते बघायला: एडीबी, स्पेस, शेल, स्पेस, पीएम, स्पेस, लिस्ट, स्पेस, पॅकेजेस, स्पेस, डॅश आय. सगळ्या ॲप्सची यादी येते आणि प्रत्येकापुढे 'इन्स्टॉलर' म्हणून त्याला आणणाऱ्याचं नाव. ज्या फोनांत तळाची ती राखाडी ओळ दिसत नाही, त्यांचा चोर इथे सापडतो.

काढायला: एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल, मग डबल डॅश यूझर, स्पेस, शून्य, स्पेस आणि पॅकेजचं नाव (ॲपचं आतलं नाव, वरच्या यादीत दिसतं ते). उदाहरणार्थ मेटा ॲप मॅनेजरचं नाव 'कॉम डॉट फेसबुक डॉट ॲपमॅनेजर'. खाली 'सक्सेस' आलं की झालं. 'यूझर शून्य' म्हणजे फोनचा मुख्य वापरकर्ता, म्हणजे तुम्ही. तुमच्यापुरतं ते ॲप गेलं, कुलपातली मूळ फाइल तशीच राहिली. म्हणूनच हा मार्ग बराचसा सुरक्षित आहे. पस्तावलात तर एडीबी शेल सीएमडी पॅकेज, मग इन्स्टॉल, डॅश, एक्झिस्टिंग, आणि तेच नाव. ॲप परत.

टाइप करायचा कंटाळा असेल तर 'युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर' हे फुकट साधन संगणकावर चालतं. त्यात प्रत्येक ॲपपुढे ते काढणं कितपत सुरक्षित आहे याचा शेरा असतो. 'रेकमेंडेड'च्या पलीकडे नवख्याने जाऊ नये. संगणकच नसेल आणि फोन अँड्रॉइड 11 किंवा त्यापुढचा असेल तर 'वायरलेस डीबगिंग' चालू करून 'शिझुकू' ॲपच्या मदतीने फोनवरच्या फोनवर हे जमतं. प्ले स्टोअरवरचे 'ॲप रिमूव्हर', 'क्लीनर', 'बूस्टर' वगैरे मात्र टाकू नका. साध्या अनइन्स्टॉलपलीकडे त्यांना काही करता येत नाही, आणि जाहिराती त्यांच्याच सगळ्यात जास्त.

काय काढू नये? प्ले सर्व्हिसेस, वेबव्ह्यू, सिस्टम यूआय, पॅकेज इन्स्टॉलर, आणि दुसरा टाकून झाल्याशिवाय कीबोर्ड किंवा लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप). शाओमीत 'फाइंड डिव्हाइस' आणि 'सिक्युरिटी' या दोघांना केबलने काढलं की फोन नुसता लोगो दाखवत फिरत बसतो. नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका. केबलने काढण्याआधी एक दिवस नुसतं डिसेबल करून बघा, काही अडलं तर कळेल.

काम झालं की 'यूएसबी डीबगिंग' आणि 'डेव्हलपर ऑप्शन्स' दोन्ही बंद करा. बँकांची काही ॲप्स ते चालू दिसलं की उघडतच नाहीत, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही माझी बँक बिघडवली.

बंद केलेलं पुन्हा जागं होतं ते दोन कारणांनी

एक, मोठं सिस्टम अपडेट. त्यात नवी ॲप्स येऊ शकतात आणि काही जुनी पुन्हा चालू होतात. अँड्रॉइडची आवृत्ती बदलली की ॲपक्लाउड, मेटाची तिकडी, एमएसए आणि लॉक स्क्रीन एवढं पुन्हा बघायचं. याला कायमचा उपाय नाही. अपडेट न घेणं हा तर मुळीच नाही, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात.

दुसरं कारण फार जणांना ठाऊक नसतं. ॲप्सच्या यादीत तीन ठिपक्यांमागे 'रीसेट ॲप प्रेफरन्सेस' असतं. नोटिफिकेशन येत नाहीत, लिंक भलत्याच ॲपमध्ये उघडतात, अशा तक्रारींवर नेटवर सर्रास हेच दाबायला सांगतात. त्याने डेटा जात नाही हे खरं, पण तुम्ही डिसेबल केलेली झाडून सगळी ॲप्स चालू होतात. "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं" म्हणणाऱ्यांपैकी अनेकांनी हे दाबलेलं असतं.

कुठून आलं ते कळत नाही, आणि काढताही येत नाही

इथे चेष्टा संपली. व्हॉट्सॲपवर "तुमचं आरटीओ चलान" किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते. आमच्याकडे रिक्षावाले आणि टेम्पोवाले यात जास्त सापडतात, कारण चलान खरोखर येत असतं. खरं चलान कधीच एपीकेने येत नाही, ते परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. फाइल टाकली की ॲप एसएमएसची आणि 'ॲक्सेसिबिलिटी'ची (स्क्रीन वाचायची नि तुमच्या वतीने बटणं दाबायची) परवानगी मागतं, चिन्ह लपवतं आणि ओटीपी वाचायला लागतं. ॲक्सेसिबिलिटी हातात आली की तुम्ही अनइन्स्टॉल दाबायला गेलात तर सेटिंगचं पानच बंद करतं.

असं वाटलं तर पहिलं काम ॲप काढणं नव्हे. फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. मग सेफ मोड: पॉवरचं बटण धरून जो 'पॉवर ऑफ' येतो, त्यावर बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोन सेफ मोड विचारतात. सेफ मोडमध्ये बाहेरून आलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे पान बंद करणारं कोणी नसतं. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स' शोधून तिथली त्याची खूण काढा, ॲक्सेसिबिलिटी काढा, मग अनइन्स्टॉल. यादीत कोऱ्या चिन्हाचं, बिननावाचं किंवा दुसऱ्यांदा आलेलं 'सेटिंग्ज' किंवा 'प्ले सर्व्हिसेस' दिसलं तर तेच. त्यानंतर फोटो बाजूला काढून फॉरमॅट. फॉरमॅटची खरी वेळ ही.

फॉरमॅटलाही न जुमानणारे निघाले आहेत. 2019 मध्ये 'एक्सहेल्पर' नावाचा एक प्रकार पसरला होता. सिमॅन्टेक या अँटीव्हायरस कंपनीने त्या ऑक्टोबरात सांगितल्याप्रमाणे सहा महिन्यांत 45,000 फोन बाधित झाले होते, आणि त्यात भारत, अमेरिका नि रशियातले फोन मुख्य होते. कॅस्परस्की या दुसऱ्या अँटीव्हायरस कंपनीने 2020 मध्ये त्याची युक्ती उलगडली. अँड्रॉइड 6 आणि 7 च्या जुन्या त्रुटी वापरून तो कुलपातल्या भागात शिरायचा आणि तिथे स्वतःची प्रत ठेवायचा. मग फॉरमॅटने काय होणार! असा संशय आला तर कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर नव्याने मारावं लागतं. ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच करून घ्या. हेच कारण सांगून मी जुन्या अँड्रॉइडच्या फोनात नेट बँकिंग ठेवू नका म्हणतो.

जाता जाता, "व्हायरस सापडला" अशी नोटिफिकेशन दर तासाला येत असेल तर ते बहुधा ॲप नसतंच. कुठल्या तरी साइटला क्रोममध्ये 'अलाव' दिलेलं असतं. नोटिफिकेशन दाबून धरा, क्रोम आणि साइटचं नाव दिसेल, तिथेच बंद करा. आणि स्क्रीनभर जाहिरात आली की ती बंद न करता 'रिसेंट'चं बटण दाबा. ज्या ॲपचं चिन्ह वर दिसतं, जाहिरात त्याची.

आयफोनवाले

तुमचं दुखणं छोटं आहे. आयओएस 10 पासून ॲपलची स्वतःची बरीचशी ॲप्सही काढता येतात. 'रिमूव्ह फ्रॉम होम स्क्रीन' दाबलंत तर ॲप 'ॲप लायब्ररी'त राहतं, 'डिलीट ॲप' दाबायला हवं. तरी परत येत असेल तर ॲप स्टोअरच्या सेटिंग्जमधलं 'ऑटोमॅटिक डाउनलोड्स' बंद करा, घरातल्या आयपॅडवर उतरवलेलं तिथून येतंय.

हप्त्यावरचा फोन, आणि कापले जाणारे पैसे

हप्त्यावर घेतलेल्या फोनात कर्ज देणाऱ्याचं लॉकर ॲप असू शकतं. ते फोनचं मालक म्हणूनच नोंदलेलं असतं, साध्या मार्गाने निघत नाही, आणि काही फोनांत फॉरमॅटनंतर नेट मिळताच स्वतःहून परत येतं. कोणी पैसे घेऊन काढून देतो म्हणाला तरी देऊ नका. हप्ते चालू असताना ते काढणं कराराविरुद्ध आहे. हप्ते संपले असतील तर ना हरकत पत्र घेऊन कर्ज देणाऱ्याकडूनच ते सोडवून घ्यायचं. ते त्यांच्या सर्व्हरवरून सुटतं, माझ्या काउंटरवरून नाही.

झटपट कर्जाच्या ॲप्सचं वेगळं. काढण्याआधी त्याच्या संपर्क, फोटो आणि कॉल लॉगच्या परवानग्या काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपला या गोष्टींकडे बघायचा हक्कच नाही. ॲप काढल्याने कर्ज फिटत नाही, एवढं लक्षात असू द्या.

तसंच वर्गणीचं. ॲप काढलं म्हणजे दर महिन्याचे 149 किंवा 299 कापायचे थांबले, असं अनेकांना वाटतं. थांबत नाहीत. काढण्याआधी प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' बघा आणि तुमच्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट्स' उघडून तिथली नोंद रद्द करा. दोन्हीकडे बघायचं, कारण काही ॲप्स प्ले स्टोअरमार्फत पैसे घेतात आणि काही थेट यूपीआयमधून. त्या यादीत 'कॅन्सल्ड' दिसलं, की मग ॲप काढा.